रविवारचा अमेरिका वर्ग: एका रिटायर्ड गार्डचा शेरा

आधी हिशोब. आठ रविवार, संध्याकाळी ५ ते ७.३०, फी २,४०० रुपये, नोट्सचे ३५० वेगळे. विषय अमेरिकेचा इतिहास, १८७७ ते १९२०. जागा नागपुरात सीताबर्डीला, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी बोल लावणार आहे आणि शिकवणारा पोरगा मनानं चांगला आहे.

मी तिथे काय करत होतो, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला. नात स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिली आहे. मे महिन्यात बर्डीला पाच वाजता ऊन काही उतरलेलं नसतं. अजनी चौकातून मेट्रोनं तिला सोडायला गेलो, आणि घरी येऊन पुन्हा आणायला जाण्यापेक्षा मागच्या बाकावर टेकलो. सर म्हणाले, "काका, बसा ना, कूलर आहे." दुसऱ्या रविवारी मी नोट्स विकत घेतल्या. तिसऱ्या रविवारी सरांनी माझ्याकडून अर्धी फी घेतली, मीही मुकाट्यानं दिली. सदतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते माझ्या रिटायरमेंटनंतरचं). ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात, एकट्यानं रात्र काढणाऱ्याला अडीच तास म्हणजे किस झाड की पत्ती.

कूलरबद्दल एवढंच की त्यात पाणी आपल्यालाच भरावं लागतं, आणि तो चालू असला की तिसऱ्या बाकापासून मागे सर फक्त दिसतात. प्रोजेक्टरवर सगळे नकाशे निळे. बाकं शाळेची आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी कडेची जागा धरावी.

आता शिकवण्याचं. सर तिशीतले, स्वतः मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलेले. पहिलाच तास त्यांनी असा घेतला की मी पुन्हा गेलो त्याचं कारण तोच. १६ जुलै १८७७, वेस्ट व्हर्जिनियातलं मार्टिन्सबर्ग. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं पुन्हा पगार कापला आणि गाडीवाल्यांनी गाड्या सोडायला नकार दिला. संप एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर पसरत गेला, पिट्सबर्गमध्ये यार्डच्या यार्ड जळालं, राष्ट्राध्यक्ष हेज यांनी केंद्राचं सैन्य पाठवलं, शंभरेक माणसं मेली. सरांनी हे सगळं एकही कागद न बघता सांगितलं. माझे वडील अजनीच्या इंजिन शेडला फायरमन होते. मे १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. त्या वीस दिवसांत घरी चूल कशी पेटली ते आईलाच माहीत. वर्गातली बावीस पोरं "१८७७ रेल्वे संप, हेज, सैन्य" एवढं लिहून पुढे गेली, माझं पेन तिथेच थांबलं.

पण खरी तक्रार नोट्सची आहे. तीन फायली मिळतात: हिरवी 'सुधारणा', पिवळी 'विस्तार', तांबडी 'युद्ध'. गार्डाच्या हातात रंग दिले की तो खूष होतो, मीही झालो. दोन आठवड्यांत कळलं की घोळ तिथेच आहे. हिरव्या फायलीत जो माणूस आहे तो तांबड्या फायलीत नाही. १८९८ साली जे लढाईवर गेले ते जणू १८९४ साली कुठे कामालाच नव्हते. एका रेकचे, म्हणजे अख्ख्या गाडीचे, डबे तीन यार्डांत वाटून दिले, आणि कपलिंग करायला, म्हणजे ते जोडायला, कोणी आलंच नाही.

कपलिंगचंच घ्या. हिरव्या फायलीत पान १४ वर एक ओळ आहे: "१८९३ सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्ट — रेल्वे सुरक्षा." बस. सर पुढच्या मुद्द्यावर निघाले तेव्हा माझा हात वर गेला. नात कानात म्हणाली, "आबाजी, सरच्या मधात नका बोलू बरं." मी बोललोच. त्या काळी अमेरिकेत दोन डबे जोडायला लोखंडी कडी आणि पिन असे. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून, डबा अंगावर येत असताना हातानं कडी खोबणीत घालायची. बोटं जायची, हात जायचे, माणूसच जायचा. यार्डात कामाला माणूस ठेवताना दोन बोटं नसलेला म्हणजे अनुभवी, असं म्हणत. आणि ब्रेक? प्रत्येक डब्याच्या टपावर चाक, ते फिरवायला ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपांवरून पळत जाणार, बर्फ असो की पाऊस. वेस्टिंगहाउसनं एअर ब्रेकचं पेटंट १८६९ साली घेतलं होतं, जॅनीनं आपोआप जुळणाऱ्या कपलरचं १८७३ साली. म्हणजे दोन्ही वस्तू बाजारात होत्या, आणि त्या मालगाड्यांना लावणं सक्तीचं व्हायला १८९३ उजाडलं. वीस वर्षं, कारण कपलर विकत घ्यावा लागतो आणि ब्रेकमन दुसरा मिळतो. त्यातही कंपन्यांनी मुदत वाढवून घेतली ती १९०० पर्यंत. आज आपल्या मालगाड्यांना जे सीबीसी (सेंटर बफर) कपलर दिसतं ते जॅनीच्याच जातीचं आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हातानं जोडून आवळायचं स्क्रू कपलिंगही होतं, त्यामुळे मी हात करून दाखवू शकलो, दोन पोरांना उभं करून डबे बनवलं. सरांनी वीस मिनिटं बोलू दिलं. हे त्यांच्या खात्यावर जमा करा, दुसरा कोणी असता तर "काका, सिलॅबस" म्हणाला असता.

त्याच तासाला घड्याळाचा मुद्दा निघाला, तो सरांनी फार छान सांगितला. १८ नोव्हेंबर १८८३, रविवार. त्याआधी अमेरिकेत गावागणिक वेळ वेगळी, प्रत्येक रेल्वे कंपनीची आपली वेगळी. त्या दिवशी दुपारी कंपन्यांनी आपसांत ठरवून देशाचे वेळेचे पट्टे पाडले आणि काही गावांत एका दिवसात दोनदा बारा वाजले. सरकारला विचारलंच नव्हतं. सरकारी कायदा झाला मार्च १९१८ मध्ये, चौतीस वर्षांनी आणि तोही युद्ध चालू असताना. रेल्वेची ताकद समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. नोट्समध्ये मात्र ते 'इतर माहिती' या चौकटीत टाकलंय.

मग पुलमन. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमननं डब्यांच्या कारखान्याभोवती स्वतःचं गाव वसवलं होतं. घरं कंपनीची, दुकानं कंपनीची. मंदीत मजुरी सरासरी पावपट कापली, घरभाडं होतं तेवढंच ठेवलं. मे १८९४ मध्ये कारखान्यात संप, जूनच्या शेवटी अमेरिकन रेल्वे युनियननं पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला, आणि शिकागोपासून पश्चिमेकडची वाहतूक ठप्प. मग कोर्टाचा मनाई हुकूम आला. १८९० चा शेर्मन कायदा मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडायला केलेला होता, तो इथे युनियनच्या गळ्यात घातला. ही गंमत सरांनी नीट सांगितली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनं सैन्य धाडलं. त्याच्या काहीच दिवस आधी, २८ जूनला, कामगार दिनाच्या सुट्टीच्या कायद्यावर त्याचीच सही झाली होती. एका हातानं सुट्टी, दुसऱ्या हातानं पलटण. वर्ग हसला.

युनियनचा पुढारी युजीन डेब्स. नोट्समध्ये त्याला अर्धी ओळ: "डेब्स — ६ महिने तुरुंग." मी घरी येऊन नातीच्या मोबाइलवर त्याच्याविषयी शोधून वाचलं तेव्हा कळलं की हा माणूस इंडियानातल्या टेरे हॉट गावचा, चौदाव्या वर्षी रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांचं वंगण खरवडायला लागला आणि पुढे फायरमन झाला. फायरमन! इंजिनात कोळसा मारणारा. माझ्या वडिलांच्या हाताला जो कोळशाचा वास शेवटपर्यंत होता तोच याच्या हातालाही असणार. त्या रात्री मी तिन्ही फायली समोर ठेवून हा माणूस कुठे कुठे आहे ते शोधत बसलो. हिरव्या फायलीत अर्धी ओळ, बाकी दोन्हींत शून्य. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

आता एक गोष्ट, जी या नागपुरात शिकवताना राहायला नको होती. चौथ्या रविवारी खामल्याच्या एका मुलीनं विचारलं, "सर, बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कला होते, म्हणजे याच काळात. तिथे तेव्हा काय चाललं होतं?" सर क्षणभर थांबले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो." आणि पुढच्या रविवारी खरंच तयारी करून आले, हे नोंदवतो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक सेलिगमन, ज्यांच्या हाताखाली बाबासाहेब अर्थशास्त्र शिकले, ते उत्पन्नावर चढता कर असावा असं मांडणारे होते, आणि तो कर लावण्याची मुभा देणारी सोळावी दुरुस्ती झाली १९१३ सालीच. त्याच वर्षी विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले. सुधारणावादी म्हणून नाव, आणि त्यांच्याच काळात वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली.

त्यावर मी माझी पुस्ती जोडली, कारण तीही रेल्वेचीच आहे. ७ जून १८९२, न्यू ऑर्लिन्स. होमर प्लेसी नावाच्या माणसानं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं आणि गोऱ्यांच्या डब्यात बसला. आठ पणजोबा-पणज्यांपैकी एक काळा एवढाच काय तो 'रंग', तरी उतरवून अटक केली. ते ठरवून केलेलं होतं, कायद्याला आव्हान द्यायला. १८९६ साली सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला की डबे वेगळे पण समान असले तर चालतं. हा निकाल शाळांपुरता मोडायला १९५४ साल लागलं. नोट्समध्ये प्लेसी पिवळ्याही फायलीत नाही, हिरव्याही. आणि डेब्सच्या युनियननं काळ्या कामगारांना सभासद करून घेतलं नाही, हेही नोट्समध्ये नाही. डेब्सनं घ्यावं म्हणून आग्रह धरला, पण अधिवेशनात थोड्या मतांनी ठराव पडला. पुलमनच्या डब्यांत उशा लावणारे पोर्टर काळे, आणि पुलमनविरुद्धच्या संपात त्यांना जागा नाही. हे सांगितलं तेव्हा वर्गात कूलर तेवढा ऐकू येत होता.

पिवळी फाइल. सर इथे जरा घाईत होते, दोन तासांत उरकलं. त्यात १८८७ चा डॉज कायदा मात्र त्यांनी आकड्यांसकट समजावला. आदिवासी जमातींची सामाईक जमीन तोडून माणशी तुकडे पाडायचे, उरलेली गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली. १८८७ साली १३.८ कोटी एकर होती ती १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली. गडचिरोलीचा एक मुलगा शेजारी बसायचा, त्यानं तो आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवला.

मग १८९८. १५ फेब्रुवारीला स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात, अमेरिकेची 'मेन' युद्धनौका फुटली, अडीचशेवर खलाशी गेले. स्पेननं सुरुंग लावला अशी बोंब उठली, एप्रिलमध्ये युद्ध. नोट्समध्ये "स्पेनच्या सुरुंगाने" असं ठाम लिहिलंय आणि ही सरळ चूक आहे. त्या वेळच्या नौदलाच्या चौकशीनं बाहेरचा सुरुंग म्हटलं, पण तो कोणी लावला ते तिलाही ठरवता आलं नाही. १९७६ साली अ‍ॅडमिरल रिकोव्हरच्या अभ्यासानं बोट दाखवलं ते आतल्या स्फोटाकडे, बहुधा कोळशाच्या कोठारातल्या आगीकडे. वाद अजून मिटलेला नाही, पण कोळसा आपोआप पेटतो का, हे वर्गातल्या पोरांना पटेना. म्हटलं, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा खाणींच्या कंपनीच्या) कोणत्याही माणसाला विचारा. चंद्रपूरकडून भरून आलेल्या रेकमधून धूर निघताना मी किती वेळा पाहिलाय, कंट्रोलला कळवलंय. बंद जागेत दाबलेला कोळसा, आणि पलीकडच्या भिंतीला दारूगोळा. सरांनी माझ्यासमोर लाल पेनानं आपल्या प्रतीत दुरुस्ती केली. पोरांच्या प्रतींत चूक तशीच आहे, नवीन बॅचवाल्यांनी तपासून घ्यावी.

फिलिपिन्सचं त्यांनी बरं सांगितलं. डिसेंबर १८९८ च्या स्पेनबरोबरच्या तहात दोन कोटी डॉलर देऊन बेटं घेतली, आणि ज्यांची बेटं त्यांच्याशीच १८९९ पासून लढाई. अमेरिकेचे चार हजारांवर सैनिक, फिलिपिनो लढवय्ये वीस हजारांच्या आसपास, आणि उपासमार-रोगराईनं मेलेली साधी माणसं दोन लाखांच्या घरात. बेटं अशी गिळंकृत करण्याच्या विरोधात जी संघटना उभी राहिली तिच्या उपाध्यक्षांत पोलादवाला कार्नेगी आणि कामगार पुढारी गॉम्पर्स दोघंही होते. १८९२ साली ज्याच्या होमस्टेड कारखान्यात संपवाल्यांवर भाडोत्री पिंकर्टन शिपाई सोडले तो मालक, आणि युनियनचा म्होरक्या, एकाच कागदावर. तीन रंगांच्या फायलीत ही जोडी बसणार कुठे?

पनामा कालव्याला सरांनी पंधरा मिनिटं दिली. डास, पिवळा ताप, १५ ऑगस्ट १९१४ ला उद्घाटन. तारीख आपली म्हणून पोरांच्या लक्षात राहील. मला वाटतं तिथे खरा माणूस जॉन स्टीव्हन्स. १९०५ साली मुख्य अभियंता म्हणून गेला, त्याआधी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत नाव काढलेला. गेल्या गेल्या त्यानं खोदकामच थांबवलं. आधी घरं, पाणी, डासांचा बंदोबस्त, आणि मग रेल्वेचे रूळ नव्यानं टाकले. कारण माती खोदणं अवघड नव्हतं, खोदलेली माती न्यायची कशी हा प्रश्न होता. म्हणजे कालवा हे मुळात रेल्वेचं काम. पुढे पगाराची यादी दोन प्रकारची झाली, गोऱ्या अमेरिकनांची 'गोल्ड' आणि बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेल्या काळ्या मजुरांची 'सिल्व्हर'. जेवणाची खोलीही वेगळी. अमेरिकन अमदानीत ५,६०० च्या वर माणसं मेली, बहुतेक त्या दुसऱ्या यादीतली. प्लेसीचा डबा समुद्र ओलांडून गेला की.

तांबडी फाइल सगळ्यांत पातळ आणि सगळ्यांत बरी. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. वर्षअखेरीस पूर्व किनाऱ्याच्या बंदरांत मालाच्या वॅगन इतक्या साचल्या की रिकाम्या करायला जागा नाही आणि मागून येणाऱ्या थांबत नाहीत. ज्याला त्याला आपला माल तातडीचा वाटे, म्हणून जिथे तिथे 'तातडीचं' चिठ्ठी. सगळंच तातडीचं झालं की काहीच तातडीचं राहत नाही, हे कोणत्याही यार्ड मास्तरला विचारा. शेवटी २८ डिसेंबर १९१७ ला सरकारनं देशभरची रेल्वे ताब्यात घेतली, १ मार्च १९२० ला परत केली. आणि ताबा घेतला त्याच्या आदल्या वर्षी, १९१६ साली, संपाच्या धमकीपुढे, रेल्वेवाल्यांना आठ तासांचा दिवस मिळाला होता, अ‍ॅडमसन कायद्यानं. हे सरांनी एकमेकांना जोडून सांगितलं. तेव्हा मला वाटलं की या माणसाला जमतं, फायलींनीच त्याचे हात बांधलेत.

आणि आता तो फायरमन. जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी डेब्सनं युद्धाविरुद्ध भाषण केलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० च्या निवडणुकीत तो अटलांटाच्या तुरुंगात कैदी क्रमांक ९६५३ होता आणि तिथूनच राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. नऊ लाखांवर मतं पडली. १९२१ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष हार्डिंगनं सोडलं. हा माणूस तांबड्या फायलीत नाही! मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "काका, परीक्षेत येत नाही." मी म्हटलं, "सर, आलं नाही म्हणून गाडीतून उतरवायचं का?" नातीनं माझा सदरा ओढला.

वर्ग नागपुरात आहे याचा फायदाही सर घेत नाहीत. १८७७ च्या १ जानेवारीला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, साडेसहा महिन्यांनी तिकडे मार्टिन्सबर्ग. एक तारीख फळ्यावर दुसरीच्या शेजारी लिहिली असती तर पोरांच्या डोक्यात साल ठोकून बसलं असतं. जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेत पोलादाचे कारखाने बघत फिरले, तिथला अभियंता पेरिन गाठला. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले असताना समोरच्या म्युझियममध्ये त्यांनी भूगर्भाचा नकाशा पाहिला आणि दुर्गकडच्या लोखंडाचा माग लागला. ते म्युझियम म्हणजे आपला अजब बंगला. बर्डीहून रिक्षानं जाता येतं. एक रविवार तिथे घ्यायला काय हरकत होती?

पाचपैकी साडेतीन. साडेतीन सरांचे, कापलेला दीड नोट्सचा. कूलरचा मी धरला नाही. परीक्षेपुरतं हवं असेल तर खुशाल जा, पैसे वसूल होतात. सुट्टीत मधल्या वेळात खाली तर्री पोहे मिळतात, आठ मिनिटांत परत यावं लागतं, तर्री जरा बेतानं घ्या.

शेवटच्या रविवारी मी कपलिंग, प्लेसी आणि डेब्सवर हातानं लिहिलेली सहा पानं सरांना दिली. त्यांनी ती वाचली, खाली पाठवून बावीस प्रती काढायला सांगितल्या. झेरॉक्सवाला वर आला आणि १३२ रुपयांची चिठ्ठी माझ्याच हातात दिली. दिले. नवीन बॅच कोणी लावली तर ती सहा पानं नोट्समध्ये शिरली का ते मला कळवा, आणि शिरली असतील तर कोणत्या रंगाच्या फायलीत, तेही.